डायनिंग टेबल निवडताना: आधी खुर्चीमागची जागा मोजा

डायनिंग टेबल घेताना बहुतेक जण त्याची लांबी-रुंदी बघतात, खोलीच्या मापाशी ताडून पाहतात आणि 'बसतंय' म्हणून ऑर्डर देऊन टाकतात. टेबल बसतंही. पण खुर्च्या मांडून माणसं बसली की मागून जायला वाट उरत नाही. एकाला उठायचं तर दोघांना सरकावं लागतं, कपाटाचं दार अर्धंच उघडतं, आणि थोड्याच दिवसांत टेबल भिंतीला सरकवून त्यावर कागदपत्रं नि पिशव्या साचायला लागतात. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी माणसांची ये-जा, मग खुर्ची आणि शेवटी टेबल. लाकूड घ्यावं की काच की दगड, हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत, पण ते नंतरचे.

मापं सेंटिमीटरमध्ये दिली आहेत. फुटांत विचार करायची सवय असेल तर ३० सेंमी म्हणजे जवळपास एक फूट, एवढं लक्षात ठेवलं की काम भागतं.

पायरी १: खोलीचा नकाशा काढा

चौकटींचा कागद घ्या. एक चौकट म्हणजे १० सेंमी धरा. भिंती, खांब, खिडक्या आखा. दारं आखताना ती कोणत्या बाजूला आणि कुठवर उघडतात, तो अर्धगोलही काढा. फ्रिजचं दार, कपाटाची दारं, बाहेर येणारे ड्रॉवर हे सगळं नकाशात हवं, कारण मोजणीत नेमकं हेच राहून जातं. भिंत एकदा जमिनीलगत आणि एकदा कमरेच्या उंचीवर मोजा. दोन मापांत फरक निघाला तर लहान माप धरा.

आता वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने घरातल्या माणसांच्या वाटा काढा. स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आतल्या खोलीत, बाल्कनीकडे. दिवसातून ज्या वाटेने सगळ्यांत जास्त ये-जा होते ती ठळक करा. तिच्यावर टेबलही येता कामा नये आणि मागे ओढलेली खुर्चीही.

पायरी २: खुर्चीमागे किती जागा?

इथे तीन आकडे पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. तिन्ही टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत, किंवा मागे जे काही सामान असेल तिथपर्यंत मोजायचे.

७५ सेंमी: खुर्ची मागे ओढून बसता-उठता येतं, पण बसलेल्या माणसामागून कुणी जाऊ शकत नाही.

९० सेंमी: बसलेल्या माणसामागून दुसरा अंग चोरून, आडवा होऊन जाऊ शकतो.

११० ते १२० सेंमी: हातात भांडी घेतलेला माणूस सरळ चालत जाऊ शकतो.

चारही बाजूंना सारखी जागा सोडायची गरज नसते. ज्या बाजूला नुसतं बसायचं आहे तिथे ७५ पुरतात. मुख्य वाट जाते तिथे ११० सोडा. कुठे कंजूषी करायची आणि कुठे नाही, हे पहिल्या पायरीतली पेन्सिलीची वाटच सांगते. घरात व्हीलचेअर वापरणारं कुणी असेल तर वळायला साधारण १५० सेंमी व्यासाची मोकळी जागा लागते. ती आधी नकाशात आखा आणि टेबल उरलेल्या जागेत शोधा.

पायरी ३: वजाबाकी करा

समजा खोली ३३० × २७० सेंमी आहे. एका लांब भिंतीला ४० सेंमी खोल कपाट आहे, म्हणजे २७० पैकी २३० उरले. कपाटाच्या बाजूला बसायचंही आहे आणि मागून अधूनमधून जायचंही आहे, म्हणून तिथे ९०. समोरच्या भिंतीकडे नुसतं बसायचं, म्हणून ७५. दोन्ही वजा केले की टेबलाच्या रुंदीला ६५ सेंमी उरतात. समोरासमोर दोन ताटं आणि मध्ये भांडी ठेवायला हे कमी आहेत. मनासारखं टेबल इथे 'बसतं', पण माणसं बसत नाहीत, असा घोटाळा होतो तो इथेच.

यावर एक चांगला उपाय आहे: भिंतीच्या बाजूला खुर्च्यांऐवजी बाक. बाक मागे ओढावा लागत नाही. बाजूने सरकत आत जाता येतं. त्यामुळे टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत ४५ ते ५० सेंमी पुरतात. आता हिशेब असा: २३० वजा ९० वजा ५० बरोबर ९०. म्हणजे ८५ सेंमी रुंदीचं टेबल आरामात येतं. लांबीच्या दिशेला एका टोकाशी चालायची वाट आहे, तिथे ९०. दुसऱ्या टोकाला एक खुर्ची, तिथे ७५. ३३० मधून हे गेले की १६५ उरतात. १५० × ८५ चं टेबल घेतलं तर बाकावर दोघे, समोर दोघे आणि टोकाला एक असे पाच जण रोज निवांत बसतील. वाटेकडचं टोक रिकामंच ठेवायचं, आणि बाकावर जायचा रस्ताही त्याच टोकाने.

बाकाला मर्यादा आहेत, त्या माहीत असू द्या. पाठ नसलेल्या बाकावर वयस्कर माणसाला फार वेळ बसवत नाही, आणि आत बसलेल्याला मध्येच उठणं गैरसोयीचं होतं. भिंतीलाच पाठीची गादी लावली तर पहिली अडचण बरीच सुटते.

पायरी ४: रोजची माणसं मोजा

पाहुण्यांचा विचार करून आठ जणांचं टेबल घेतलं आणि रोज त्यावर तिघेच बसत असतील, तर उरलेले सगळे दिवस ती खोली अडचणीत राहते. माझं मत स्पष्ट आहे: टेबल रोजच्या माणसांच्या मापाचं घ्यावं, फार तर एक-दोन जागा जास्त. पाहुण्यांची सोय वाढवता येणाऱ्या टेबलाने करता येते, त्याबद्दल पुढे.

एका माणसाला टेबलाच्या कडेची ६० सेंमी लांबी लागते. हातवाल्या खुर्च्या असतील तर ७० धरा. समोर ताटासाठी टेबलाची ३५ ते ४० सेंमी रुंदी. समोरासमोर बसायचं तर टेबल निदान ७५ रुंद हवं, आणि ८५ ते ९० असेल तर मधल्या पट्ट्यात भांडी नीट राहतात. १०० च्या पुढे गेलं की समोरच्याला काही द्यायला उठावं लागतं आणि बोलणंही थोडं दुरून होतं.

आयताकृती टेबलात चौघांना १२० × ७५ ते ८०, सहा जणांना १५० ते १८० × ९०, आणि आठ जणांना २०० ते २४० × १०० अशी मापं साधारण लागतात. सहा जणांना १५० चालतं ते दोन्ही टोकांना एकेक जण बसणार असेल तरच.

पायरी ५: आकार

लांबट खोलीत आयत आणि चौरस खोलीत गोल किंवा चौकोनी, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा बरोबर ठरतो. गोल टेबलावर सगळे एकमेकांना दिसतात, कोपरा कुणाला लागत नाही आणि गरज पडली तर आणखी एक खुर्ची घुसवता येते. पण गोल टेबलाची मापं फसवी असतात. १२० सेंमी व्यासाच्या टेबलाचा परीघ ३७७ सेंमी येतो. ६० ने भागलं की सहा माणसं. प्रत्यक्षात सहा खुर्च्यांचे पुढचे पाय एकमेकांना अडतात आणि मध्ये भांडी ठेवायला जागा राहत नाही. १२० वर चौघे आरामात, पाच जण थोडे दाटीने, असं धरा. सहा जणांना १३५ ते १५० व्यास हवा. ९० चं गोल टेबल दोघांचं. चौघांचं फार तर चहापुरतं.

गोल टेबल भिंतीला टेकवून वापरायचं असेल तर घेऊ नका, जागा वाया जाते. चौकोनी टेबल मोठं होत गेलं की मधोमध हात पोचत नाही, म्हणून १२० च्या पुढे नको. लंबगोल टेबलाकडे फारसं कुणी वळत नाही, पण ज्या घरात टेबलाच्या टोकाशीच वाट वळते तिथे ते आयताची आसनसंख्या देऊन कोपरा वाचवतं. लहान मुलं पळत असतील तर हा वाचलेला कोपरा फार कामाचा.

पायरी ६: टेबलाखाली वाकून बघा

वरच्या फळीवर सगळ्यांचं लक्ष असतं. किती माणसं बसतील हे मात्र बरंचसं खालचे पाय ठरवतात.

चार कोपऱ्यांत चार पाय असतील तर दोन पायांमधलं आतलं अंतर मोजा. खुर्ची साधारण ४५ ते ५० सेंमी रुंद असते. दोन खुर्च्या शेजारी आत जायच्या तर मध्ये थोडी फट धरून ११० तरी हवेत. १२० लांबीच्या टेबलाचे पाय जाड आणि कडेपासून आत घेतलेले असतील तर हे अंतर १०० च्या खाली येतं. मग दुसरी खुर्ची अर्धी बाहेर राहते आणि दुसऱ्या पायरीतला सगळा हिशेब कोलमडतो.

मधोमध एकच खांब असलेलं टेबल बसायला सगळ्यांत मोकळं. पाय कुणाच्याच गुडघ्यात येत नाही. मात्र त्याचा खालचा पसारा पुरेसा रुंद आणि वजनदार हवा; दुकानात एका कडेवर हाताने भार देऊन ते कलतं का ते बघाच. व्हीलचेअरसाठी मात्र हा खालचा पसारा पाय ठेवायच्या पट्टीला अडू शकतो. तिथे टेबलाखाली सुमारे ७० सेंमी उंच, ७५ रुंद आणि ५० खोल अशी जागा मोकळी असावी. दोन टोकांना आडव्या चौकटीसारखे पाय असतील तर लांबीच्या बाजूला खूप मोकळीक मिळते, पण टोकाला बसणाऱ्याचे पाय त्यावर आपटतात. टोकाला कुणी बसणार नसेल तर हा प्रकार उत्तम.

आता फळीखालची आडवी पट्टी. फळी आणि पाय घट्ट धरून ठेवणारी ही पट्टी ८ ते १० सेंमी खोल असते, आणि मांडी अडकते ती हिलाच. हिशेब करून बघा. टेबलाची उंची ७५, फळी ३, पट्टी १०; म्हणजे पट्टीची खालची कड जमिनीपासून ६२ वर. खुर्चीची बैठक ४५. मध्ये उरले १७ सेंमी. जेमतेम जमतं. त्याच खुर्चीवर ५ सेंमीची गादी टाकली की १२ उरतात आणि पायावर पाय टाकून बसणं विसरा. बैठक आणि पट्टी यांत १८ ते २० सेंमी असतील तर उत्तम.

पायरी ७: उंची आणि खुर्ची

टेबलाची उंची बहुधा ७२ ते ७६ सेंमी असते आणि खुर्चीची बैठक ४३ ते ४७. बैठकीपासून टेबलाच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत २७ ते ३० सेंमी अंतर असलं की खांदे वर न उचलता कोपर टेबलावर टेकतं. टेबल एका दुकानातून आणि खुर्च्या दुसऱ्या ठिकाणाहून घेणार असाल तर हे माप कागदावर लिहून खिशात ठेवा. हातवाल्या खुर्चीचे हात पट्टीखाली जातात का, हेही मोजा. गेले नाहीत तर खुर्ची कधीच आत सरकणार नाही.

पायरी ८: फळी कशाची?

*भरीव लाकूड.* लाकूड हवेतल्या दमटपणाने रुंदीच्या दिशेने फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं. लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. ९० सेंमी रुंदीच्या फळीत हा फरक काही मिलिमीटरचा असतो. कसबी सुतार म्हणूनच फळी खालच्या चौकटीला करकचून बांधत नाही. स्क्रूची भोकं लांबट ठेवतो, किंवा थोड्या सरकू शकणाऱ्या क्लिपा वापरतो. टेबलाखाली डोकं घालून ही भोकं बघा. फळी सगळीकडून घट्ट ठोकलेली असेल, तर ती पुढे फाटण्याची किंवा वाकण्याची शक्यता असते. लाकडाचा फायदा असा की ओरखडे पडले, डाग पडले तरी घासून पुन्हा नवं करता येतं, आणि तेही अनेकदा.

*व्हीनिअर, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड.* व्हीनिअर म्हणजे बोर्डवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. दिसतं सुंदर, ऋतूंप्रमाणे फारसं हलत नाही. पण पापुद्रा बहुधा मिलिमीटरभरही जाड नसतो, त्यामुळे घासायला वाव नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे तंतू किंवा भुसा गोंदाने दाबून केलेले बोर्ड; त्यांचा शत्रू पाणी. पाणी शिरतं ते कडांमधून, आणि एकदा फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. म्हणून कडांवरच्या पट्टीवरून बोट फिरवा. कुठे नख अडकलं, कोपऱ्यात फट दिसली तर ते टेबल सोडून द्या. वर लॅमिनेट, म्हणजे सनमायका असेल, तर रोजच्या पुसण्याला ते टिकाऊ. कडा नीट मिटलेल्या असतील तर काटकसरीने घ्यायचं उत्तम टेबल हेच.

*काच.* लहान खोलीत काच डोळ्यांना हलकी वाटते, कारण तिच्यातून जमीन दिसत राहते. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काचच घ्या; फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे न होता बारीक दाणे होतात. कोपऱ्यात तसा छापील शिक्का बहुधा असतो. जाडी १० ते १२ मिलिमीटर. टफन्ड काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून माप पहिल्यांदाच बरोबर द्यावं लागतं. लहान मुलांच्या घरात मी काच सुचवत नाही: बोटांचे ठसे दिवसभर पुसावे लागतात आणि भांडी आदळल्याचा आवाज फार होतो.

*दगड.* संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पडलं की आम्लाने पृष्ठभाग खाल्ला जातो आणि चकाकी जाऊन मंद डाग उरतो. तो पुसून जात नाही, कारण तिथला दगडच झिजलेला असतो. ग्रॅनाइट या बाबतीत कितीतरी टणक. दगडाचं वजनही विचारात घ्या. १८० × ९० ची, २० मिलिमीटर जाड संगमरवरी फळी सुमारे ८७ किलोची होते. त्याच मापाची १२ मिलिमीटरची काच सुमारे ४९ किलोची. रोज भिंतीकडे सरकवायचं टेबल दगडाचं करू नका.

लाकूड घेतलंत तर त्यावरचा मुलामाही विचारा. पीयू (पॉलीयुरेथेन) कोटिंग पाण्याला आणि डागांना चांगलं तोंड देतं, पण खोल ओरखडा पडला तर बहुधा सगळा पृष्ठभाग घासावा लागतो. तेल पाजलेल्या लाकडाला अधूनमधून पुन्हा तेल लागतं, मात्र डाग पडला तर तेवढीच जागा घरच्या घरी सुधारता येते. गरम भांड्याखाली उमटतं ते पांढरं वर्तुळ म्हणजे मुलाम्यात अडकलेली वाफ. कुठल्याही मुलाम्यावर गरम भांड्याखाली काहीतरी ठेवावंच.

पायरी ९: वाढवता येणारं टेबल

मधली फळी घालून लांब होणारं, बाजूच्या फळ्या दुमडणारं, किंवा जोडफळी आतच घडी करून ठेवणारं असे प्रकार मिळतात. माझी पसंती तिसऱ्याला, कारण सुटी फळी कपाटामागे कुठेतरी ठेवावी लागते आणि हवी तेव्हा हाताशी नसते. दुकानात टेबल स्वतः उघडा, विक्रेत्याला उघडू देऊ नका. एकट्याने, फार जोर न लावता ते उघडलं पाहिजे. उघडल्यावर जोडावरून तळहात फिरवा. उंचसखलपणा लागला नाही पाहिजे. मग मध्यावर दोन्ही हातांनी भार द्या. आणि पाय कुठे येतात ते बघा: काही टेबलांत पाय जागच्या जागी राहतात आणि नव्याने बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर नेमका पाय येतो. वाढवलेल्या मापानेही पायरी २ चे आकडे एकदा तपासा; पाहुणे असताना ७५ वर भागवता येतं.

पायरी १०: जमिनीवर टेबल आखा

माझ्या मते या लेखातली सगळ्यांत मोलाची पायरी हीच. ठरलेल्या मापाचा चौकोन मास्किंग टेपने जमिनीवर आखा, नाहीतर वर्तमानपत्रं जोडून पसरा. असलेल्या खुर्च्या त्याभोवती, बसल्यावर राहतात तशा, मागे ओढून ठेवा. खुर्च्या नसतील तर खोकी चालतील. मग दोन-तीन दिवस घर नेहमीसारखं चालू द्या. फ्रिज उघडा, बादली घेऊन जा, रात्री अंधारात पाणी प्यायला उठा. जिथे पाय आपसूक टेपवर पडतो तिथे टेबल अडणार. मग १० सेंमी कमी करून पुन्हा आखा. टेपचा एक रीळ संपला तरी चालेल. चुकीचं टेबल परत करणं याहून कितीतरी अवघड.

पायरी ११: दुकानात

एका कोपऱ्यावर हात दाबून समोरासमोरच्या कोपऱ्यांत डुगडुग तपासा. मग टेबल बाजूने हलवा. फळी हलली आणि पाय जागेवर राहिले तर सांधा सैल आहे. सुटणारे पाय धातूच्या आट्यांत बसतात की थेट बोर्डात स्क्रू केलेत ते बघा, कारण बोर्डातला स्क्रू दोन-तीनदा काढ-घाल केली की पकड सोडतो. शेवटी खुर्ची घेऊन निदान दहा मिनिटं बसा, पायावर पाय टाकून बसा आणि मग उठा.

पायरी १२: घरात येईपर्यंत आणि नंतर

मुख्य दाराची मोकळी रुंदी, लिफ्टची आतली उंची आणि जिन्याचं वळण मोजून ठेवा. पाय सुटत असतील तर फळी उभी करून नेता येते; सुटत नसतील तर जिन्याच्या वळणावर टेबल अडकू शकतं. खाली गालिचा घालायचा असेल तर तो टेबलाच्या कडेबाहेर चारही बाजूंनी निदान ६० सेंमी हवा. त्याहून लहान असेल तर खुर्ची मागे ओढली की तिचे मागचे पाय गालिच्यावरून उतरतात. लटकता दिवा टेबलाची जागा पक्की झाल्यावरच लावा. दिव्याची खालची कड टेबलापासून ७५ ते ८५ सेंमी वर असली की उजेड ताटावर पडतो आणि समोरच्याचा चेहराही झाकला जात नाही. थेट उन्हात टेबल असेल तर वरच्या वस्तूंची जागा अधूनमधून बदला, नाहीतर लाकडाचा रंग ठिकठिकाणी वेगळा होतो.

टेबल आलं की सामान आणणारे असतानाच चारही कोपरे, कडा आणि खालची बाजू बघून घ्या. पायांखाली फेल्टच्या चकत्या लावा. महिनाभर वापरल्यावर एकदा सगळे बोल्ट पान्याने आवळा. नव्या टेबलाचे सांधे वापराने थोडे बसतात आणि डुगडुग तिथूनच सुरू होते.